सहा लाखात सेकंडहँड फॅमिली गाडी – बोलेरो, ब्रेझा का एर्टिगा? (गाव दारव्हा साइड)

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, मेन रोडच्या फाट्यापासून दीड किलोमीटर आत, अन् तो दीड किलोमीटर पावसाळ्यात कसा असते ते इकडच्या लोकायले सांगाची गरज नाई. सोयाबीन इकलं, थोडा कापूस इकला, आरडी मोडली, असे मिळून सहा लाखापर्यंत जमते. लोन काढाचं नाई असं घरात ठरलं आहे.
घरात सहा जण. माय, बाबा, आम्ही दोघं, पोरगी अकरा वर्षाची अन् पोरगा सातचा. मायच्या गुडघ्यायचा त्रास आहे, दर दोन महिन्याले नागपूरले दाखवाले न्या लागते, आतापर्यंत भाड्याची गाडी सांगत होतो तर तो एका चकरेचे साडेचार हजार घेते. बाकी यवतमाळ, दारव्हा, लग्नं, वर्षातून एकदा शेगाव अन् माहूर. महिन्याची रनिंग काढली तर सहाशे-साडेसहाशे किलोमीटरच्या वर जात नाई.
तीन गाड्या पाहून ठेवल्या:
बोलेरो पॉवर प्लस 2017, दिग्रसच्या एका सरांची, 78 हजार चाललेली, 5 लाख 80 म्हणते.
ब्रेझा डिझेल 2018, नागपूरच्या डीलरकडे, सेकंड ओनर, चकाचक आहे, 5 लाख 60. बाकीच्यापेक्षा स्वस्त काहून आहे ते समजलं नाई.
एर्टिगा पेट्रोल 2016, नेरच्या एका मेडिकलवाल्याची, 82 हजार, 5 लाख 70.
माझं मन बोलेरोवर आहे, खरं सांगतो. दारात बोलेरो उभी पायजे असं लहानपणापासून डोक्यात बसलं आहे. पण बायको म्हणते आधी चार जणायले विचारा मग बयाणा द्या. तर विचारून रायलो.

गॅरेजवाला_काका:
भाऊ, मी तीस वर्षं झाले पाना हातात घेऊन हाय. लोक मले इचारतात कोणती गाडी चांगली, मी म्हणतो मले गाडी दाखव, नाव नको सांगू. एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या दोन गाड्या राहतात, एक माहेरची पोरगी वाटते अन् एक सासरी राबून राबून वाळलेली. तुले दुसरीच भेटण्याचा चान्स जास्त असते कारण पहिली कोणी इकत नाई.
आता हे कर. सरांकडे सकाळी सहाले जा, न सांगता. सांगून गेला तर तो अर्धा तास आधी गाडी चालू करून गरम करून ठेवीन अन् तुले सगळं गोडच दिसीन. जाऊन पह्यले बोनेटवर हात ठेव. थंडगार असलं तरच चावी फिरव. थंड्या इंजिनचा पह्यला आवाज अन् पह्यला धूर हे दोन कधी खोटं बोलत नाई. निळा धूर निघाला अन् निघतच रायला तर इंजिन ऑइल पिऊन रायलं, तिथूनच राम राम करून परत ये. काळा निघाला तर इंजेक्टर नाईतर एअर फिल्टर, त्याले खर्च हाय पण इलाज हाय. पांढरा थोडा सकाळच्या गारव्याचा असते, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा अन् त्याले गोडसर वास, तर कूलंट आत जळून रायला.
मंग गाडी चालू ठेवूनच ऑइल टाकाचं झाकण उघड. झाकण तिथंच उलटं ठेव. जर ते चुलीवरच्या भगुन्याच्या झाकणासारखं नाचलं अन् खालून फुकफुक धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समज. डिपस्टिक काढून दोन बोटात ऑइल घास. डिझेलचं ऑइल काळंच राहते, त्याले घाबरू नको, पण बोटाले कचकच लागलं, नाईतर झाकणाच्या आतून चहाच्या सायीवाणी पांढरं दिसलं, तर सोडून दे.
क्लच पाहाचा असन तर मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढ, तिसरा गिअर टाक अन् क्लच हळूहळू सोड. गाडी झटक्यात बंद पडली तर क्लच चांगला. बंद न पडता नुसतीच घुरघुर करत रायली तर क्लचचे पैसे किमतीतून काप.
बोलेरोचं एक सांगून ठेवतो, पॉवर प्लसमध्ये 1493 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन हाय, ते थोडं खडखडतेच, त्याले खराबी समजू नको. पण खाली वाकून मागचे पाटे, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, पाह्य. सगळे पाटे एकाच रंगाचे, एकाच गंजाचे हायेत का? एखादा पाटा नवीन, वेगळाच काळा दिसला तर कोणीतरी लोड वाढवाले टाकला हाय. मास्तराच्या गाडीले जास्तीचा पाटा कायले लागते?

संत्रानगरी:
ब्रेझाबद्दल लिहितो कारण मी यात पोळलेलो आहे. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे नागपुरात काय झालं ते आठवा, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, नाग नदी वस्त्यांमध्ये घुसली, पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. त्या गाड्या गेल्या कुठे? थोड्या भंगारात गेल्या, बाकीच्या धुऊन पुसून परफ्यूम मारून आपल्यासारख्यांच्या गळ्यात पडल्या. मी 2024 च्या उन्हाळ्यात एका डीलरकडून एक हॅचबॅक घेतली, नाव घेत नाही. उन्हाळाभर मस्त चालली. जूनच्या पहिल्या पावसात काच लावून एसी बंद केला आणि गाडीत असा वास सुटला की जणू तळघरात ओली पोती ठेवली आहेत. मग कधी पॉवर विंडो बंद, कधी डिस्प्ले बंद, शेवटी वायरिंगवाल्याने कार्पेट उचललं तर खाली गाळाचा वाळलेला थर, बोटाने खरवडला तर भुगा पडला.
म्हणून सांगतो, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, पूर्ण बाहेर. डीलर सगळं धुतो पण बेल्टच्या आतल्या टोकाकडे कोणी लक्ष देत नाही, तिथे गाळाची रेघ राहते. सीटच्या खाली जे लोखंडी रेल असतात त्याचे बोल्ट गंजलेत का, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याचे डाग आहेत का, सगळं बघा. इन्शुरन्सचे जुने कागद मागा आणि क्लेम काय काय झालेत ते विचारा. दाखवत नसेल तर स्वस्त का आहे ते समजलं.
ही ब्रेझा तशीच असेल असं मी म्हणत नाही हां. गाडी म्हणून ती चांगलीच आहे, गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या 2018 च्या टेस्टमध्ये चार स्टार होते तिला, इंजिनही ते 1.3 लिटरचं जे अर्ध्या भारतातल्या गाड्यांमध्ये होतं, मिस्त्री कुठेही सापडतो. पण भाऊ, तुमच्याकडे सहा माणसं आहेत आणि ब्रेझाला सीटा पाच. हा हिशोब आधी कसा सुटला?

पऱ्हाटीवाला:
पोरगा मांडीवर बसतो ना. पण तुमचं बरोबर आहे, तो काय सातचाच राहणार आहे का.

वाशीमची_बाई:
मी शाळेत शिकवते, रोज अप-डाऊन करते, त्यामुळे गाडीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांच्या वतीने बोलते, कारण इथे सगळे पुढे बसणारेच बोलतायत.
पऱ्हाटीवाले भाऊ, बोलेरोच्या सगळ्यात मागच्या दोन सीटा आडव्या असतात, समोरासमोर. तिथे लेकरं बसणार, हो ना? एकदा तुम्ही स्वतः तिथे बसून यवतमाळपर्यंत जाऊन पहा. तोंड एकीकडे, गाडी दुसरीकडे, ब्रेक मारला की माणूस सरळ बाजूच्याच्या अंगावर. आणि अपघात झाला तर ते आडवं बसलेलं लेकरू कशाला धरणार. माझ्या नणदेच्या गाडीत मी एकदा कारंज्यापासून अशी बसून आले, उलटी होता होता राहिली.
दुसरं, 2019 च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या कारना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) सक्तीचं झालं आणि त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग. तुमच्या तिन्ही गाड्या त्याच्या आधीच्या आहेत, त्यामुळे कोणत्या व्हेरियंटमध्ये काय आहे हे गाडीत बघूनच घ्या, मालकाच्या सांगण्यावर जाऊ नका. स्टिअरिंगवर एअरबॅगचं लिहिलेलं आहे का आणि चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून विझतो का एवढं बघायला काही लागत नाही. दिवा लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो, तेही होतं.
आणि मे महिन्यात 45 च्या उन्हात नागपूरला आईंना न्यायचंय. एर्टिगामध्ये मधल्या सीटवाल्यांना छतातून एसीची हवा येते, हे तुम्हाला फालतू वाटेल पण मागे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. मुख्य म्हणजे आईंनाच घेऊन जा ना गाडी पाहायला. गुडघे त्यांचे आहेत.

काळी_जमीन:
हे सगळं ठीक आहे पण पांदणीचं, म्हणजे त्या दीड किलोमीटर मातीच्या रस्त्याचं काय? एर्टिगा पुढच्या चाकावर चालते, सहा माणसं बसली की मागचा भाग खाली बसते, पुढची चाकं हलकी होतात अन् काळ्या मातीत नुसती भणभण फिरतात. मी पाह्यलं आहे, ट्रॅक्टरनं ओढून काढली. बोलेरोले खाली चेसिस आहे, मागचं चाक ओढते, वजन मागंच राहते. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स पाह्यला तर दोघींचा जवळपास सारखाच, 180 मिलिमीटरच्या आसपास, पण कागद चिखलात चालत नाई. बोलेरोच घे.

गॅरेजवाला_काका:
काळ्या जमिनीत लोड नसलेली बोलेरोही तशीच फसते बावा. फोर बाय फोर नाई ते, चारही चाकं ओढत नाई.

हिशोबी:
डिझेल डिझेल करणाऱ्यांनी एकदा हिशोब करा. महिन्याला 650 किमी. एर्टिगा पेट्रोलला 15 चा अ‍ॅव्हरेज धरला तर 43 लिटर, 105 च्या भावाने साडेचार हजार. बोलेरोला आपल्या रस्त्यावर साडेचौदा धरला तर 45 लिटर, 92 च्या भावाने चार हजार शंभर. फरक चारशे रुपये. यासाठी डिझेल घ्यायचं? डिझेल ज्याची गाडी रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते त्याने घ्यावं.
आणि कोणी नव्या मॉडेलचं डिझेल सुचवलं तर एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 (धुराचे नवे कडक नियम) डिझेलला डीपीएफ असतो, एक्झॉस्टमधली काजळी पकडणारी जाळी. ती साफ व्हायला गाडी हायवेवर जरा वेळ दमाने पळायला लागते. रोज फाट्यापर्यंत दोन किलोमीटर आणि महिन्यातून एकदा लांब अशी चालवली तर ती तुंबते.
पेट्रोलचं एकच, आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई20 मिळतं आणि 2016 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. अ‍ॅव्हरेज थोडा कमी येईल, पेट्रोलच्या रबरी पाइपांवर लक्ष ठेवा.
अजून एक. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरचा टॅक्स सेससकट 31 वरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे नवी बोलेरोच स्वस्त झाली. सर जर जीएसटी कमी व्हायच्या आधीचा भाव धरून 5.80 सांगत असतील तर शोरूममधून नव्या गाडीचं कोटेशन आणून त्यांच्यासमोर ठेवा.

आरटीओचा_फेरा:
गाडी कोणतीही घ्या, कागदाचं माझं ऐका, मी याच्यात दोन वर्षं चकरा मारल्या आहेत. माझी जुनी जीप मी एकाला इकली, फॉर्मवर सह्या करून दिल्या, तो म्हणाला करून घेतो दादा. त्यानं केलंच नाई. दीड वर्षानं मले चलानचे मेसेज, मग एका अपघाताची नोटीस. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे का आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) ज्याचं नाव तोच मालक, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून इकणाऱ्याले पण घाई पायजे अन् घेणाऱ्याले पण.
गाडी नावावर कराचे फॉर्म 29 अन् 30, सह्या नीट पाहून, राज्यातल्या राज्यात असन तर इकणाऱ्यानं 14 दिवसात ट्रान्सफरचं कळवाचं. ऑनलाइन करतानी ओटीपी आरसीले जोडलेल्या मोबाइल नंबरवर जाते, म्हणून पूर्ण पैसे द्याच्या आधी तो नंबर मालकाच्या खिशात वाजते का पाह्य, लय जणायचे नंबर बंद राहतात. आरसीवर बँकेचा बोजा असन तर बँकेची एनओसी अन् बोजा उतरवाचा फॉर्म 35, "लोन कधीचंच फिटलं" हे तोंडी चालत नाई. चलान परिवहनच्या अ‍ॅपवर गाडी नंबर टाकून पाह्य.
2019 च्या एप्रिलच्या आधीची गाडी म्हणजे एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबर) प्लेट लागली का ते पाह्य, नसन तर 745 अधिक जीएसटी तुमच्या खिशातून. इन्शुरन्स 14 दिवसात नावावर कर, नाईतर तुझ्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी हात वर करीन. अन् नो क्लेम बोनस मालकाचा राहते, गाडीसोबत येत नाई, प्रीमियम वाढला का डोळे पांढरे करू नको.
एजंट सांगते दिल्लीची डिझेल गाडी आणून देतो, अर्ध्या किमतीत. तिकडं दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर बंदीचा आदेश 2015 मध्ये निघाला, तेव्हापासून त्या इकडं येऊ लागल्या. तिकडची एनओसी, इकडचा टॅक्स, पासिंग, धरला तर स्वस्त राहत नाई. अन् आरसी पंधरा वर्षांचीच राहते, त्याच्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षं वाढवा लागते.

पऱ्हाटीवाला:
मंडळी, आठ दिवसानं लिहून रायलो. सगळ्यायचं वाचून काढलं, दोनदा. बायकोनं पण वाचलं, ती तर वाशीमच्या ताईची फॅन झाली.
ब्रेझा सोडली. डीलरले सीट बेल्ट पूर्ण ओढून दाखव म्हटलं तर तो हसला अन् म्हणाला काय साहेब, पुराची समजता का. ओढला. बेल्ट साफ होता. पण क्लेमचा कागद मागितला तर म्हणे आधी टोकन टाका. म्हटलं राहू द्या.
बोलेरोले सकाळी पावणेसहाले गेलो दिग्रसले, काकाचं ऐकून. सर झोपेतून उठून आले बनियनवर. बोनेट थंड. गाडी एका चावीत चालू झाली, धूर साफ, झाकण नाचलं नाई, मी मनातल्या मनात पैसे मोजून देऊन टाकले. मग खाली वाकलो. डाव्या बाजूच्या पाट्यात एक पाटा वेगळा, ग्रीस लागलेला, बाकीच्यावर माती अन् गंज. मागची मॅट उचलली तर कोपऱ्यात, सीटच्या बोल्टच्या भोवती, कापसाचे पुंजके अन् सरकी. मूठभर निघाली सरकी. पेडलचं रबर घासून खालचं लोखंड चमकून रायलं होतं, 78 हजारात एवढं घासत नाई. सरांच्या समोर ती सरकी हातावर धरली तर ते म्हणाले, "तो लहान भाऊ न्यायचा कधीमधी." कधीमधी नाई हो सर, आख्खा हंगाम नेला त्यानं. माणूस वाईट नाई, पण गाडी भाड्यानं चालली अन् मीटरवर भरोसा नाई. चहा पिऊन परत आलो. घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नाई, मूडच गेला होता.
एर्टिगाले माय-बाबाले घेऊन गेलो. मेडिकलवाल्यानं आधीच सांगितलं का डाव्या बाजूचं मडगार्ड बदललं आहे, रात्री रोही (नीलगाय) आडवी आली होती कारंजा रोडले. बोनेटचे डाव्या बाजूचे बोल्ट पाह्यले, पाना लागल्याचे खरचटे होते, म्हणजे खरं बोलला. आतली पट्टी सरळ होती, वेल्डिंगचे गोल ठिपके कंपनीचे होते तसेच. एअरबॅग दोन, एबीएसचा दिवा लागून विझला. सर्व्हिसची बिलं प्लास्टिकच्या फाइलमध्ये, तारखेनं लावलेली, औषधाच्या दुकानासारखी. प्रत्येक बिलावर किलोमीटर चढत चढत गेलेले. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नंबर सांगून ताळा केला, बरोबर निघाले.
टायरवर चार आकडे पाह्यले तर 1419, म्हणजे 2019 च्या चौदाव्या आठवड्याचे, चारही म्हातारे. तिसऱ्या गिअरमध्ये क्लचनं थोडा वेळ घेतला बंद पडाले. हे दोन धरून भाव केला अन् 5 लाख 30 मध्ये ठरलं.
माय मधल्या सीटवर बसली. बसली म्हणजे फक्त मागं टेकली अन् पाय आत घेतले, पकडाले काही शोधलंच नाई. बोलेरोच्या वेळी शेजारच्याच्या गाडीत बसून पाहाले लावलं होतं तिले, तिथं पाट ठेवा लागला होता. बाबा मागं बसले, गुडघे थोडे वर येतात म्हणाले पण लेकरायले ठीक आहे, तोंड समोर आहे.
पांदणीचं असं ठरवलं का जुलै-ऑगस्टमध्ये जेव्हा जास्तच चिखल राहीन तेव्हा गाडी फाट्यावर आमच्या घरच्या काकाच्या अंगणात ठेवाची, तिथून घरापर्यंत ट्रॅक्टर आहेच. काळी_जमीन भाऊ, रागवू नका.
फॉर्म 29-30 टाकले, ओटीपी मालकाच्या फोनवर टुन वाजला तेव्हाच बाकीचे पैसे दिले.
एक शेवटचं. गाडी गोठ्यात लावतो, आता दुसरी जागा नाई. आजूबाजूचे म्हणतात उंदीर वायर कुरतडतात, एकाले बारा हजाराचा खर्च आला. काय करू?

काळी_जमीन:
राग नाई भाऊ. पण बोलेरो ती बोलेरो.

गॅरेजवाला_काका:
उंदराले वायरीची गोडी नाई, त्याले बोनेटखालची ऊब अन् बाजूले खाणं पायजे. गोठ्यात ढेपीचं पोतं हाय का? असनच. ते दुसरीकडं हलव आधी. बोनेट रात्री थोडा वेळ उघडं ठेव म्हणजे ऊब निघून जाईन अन् आत अंधारही राहणार नाई. तंबाखूच्या पुड्या, फिनाइलच्या गोळ्या लोक टाकतात, त्याच्यानं चार दिवस फरक पडते. चार-आठ दिवस गाडी उभी राहणार असन तर मधात एकदा चालू कर. अन् सकाळी चालू कराच्या आधी बोनेट उघडून एकदा पाह्यत जाय, सवय लाव.

पऱ्हाटीवाला:
ढेप कोठीत हलवली काका. आता घरची मांजर बोनेटवर झोपून रायली, मायनं तिच्यासाठी गोणपाट टाकला वरतून, रंगाले खरचटा पडू नये म्हणून.